सात नंबरच्या बाईंची सपाट रेघ

बाईंना मुलांची भीती वाटायची. एकट्यादुकट्या पोराची नव्हे, घाऊक मुलांची. एखादं पोर समोर आलं तर त्या त्याच्याशी मोठ्या माणसासारखं बोलायच्या आणि पोरही त्यांच्यापाशी रमायचं. पण शाळेतून कारखाना बघायला येणारी बावीस मुलं, एकाच गणवेशात, एकाच वेळी आपल्याकडे टकमका बघतायत, या कल्पनेनेच त्यांची झोप उडाली होती. जिच्या दोन शब्दांवर चार टन लोखंड मागे फिरतं, त्या बाईला पाचवीच्या वर्गाची धडकी भरावी, म्हणजे कमाल आहे!

"मग नाही म्हणायचं होतंस," ताई म्हणाल्या.

"मालकांनी सांगितलंय."

"कोण मालक? चड्डीत असताना त्याचं नाक पुसलंयस तू."

"त्याच नाकाखाली माझा कागद पडलाय सध्या."

कागद म्हणजे मुदतवाढीचा कागद. साठी उलटल्यापासून कारखान्यात बाईंची नोकरी एकेक वर्षाने वाढायची. दरवर्षी मालक चहा पिता पिता सही करायचे. या वर्षी तीन आठवडे झाले, सही नाही. मध्यंतरी बाहेरच्या एका कंपनीची दोन तरुण मुलं येऊन गेली होती. हातात चकचकीत यंत्र, तोंडात एकच वाक्य : तासाभरात टाकी तपासून देतो. बाईंना तीन तास लागतात. "बघतो, बाई," एवढंच मालक म्हणाले होते. आणि ते जे काही बघणार होते, ते याच आठवड्यात.

बाईंना पैशांची चिंता नव्हती. दोन बहिणींच्या दोन खोल्यांना लागतं कितीसं! पण सकाळी उठून टाकीला कान लावायला जायचं नाही, तर मग उठायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न होता.

"आधी माझ्यावर तालीम कर," ताईंनी शिवणाच्या मशीनवरून फर्मावलं. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवून आता निवृत्त, म्हणजे आता फक्त शेजाऱ्यांचे शिवतात. "मी पाचवीतली आहे असं समज."

बाईंनी घसा खाकरला. "आवाज म्हणजे थरथर. तुझ्या मशीनची सुई वरखाली होते, हवा थरथरते आणि ती थरथर कानाच्या पडद्यावर येऊन आपटते. सेकंदाला वीस ते वीस हजार थरथरी झाल्या तर माणसाला ऐकू येतं. त्याच्या वरचा तो श्राव्यातीत ध्वनी."

"जो ऐकूच येत नाही त्याला आवाज कशाला म्हणायचं?"

"तुला येत नाही म्हणून तो नाहीच का? कुत्र्याला येतो. वटवाघळाला येतो."

"मग शिकव वटवाघळांना. मुलांना काय उपयोग त्याचा?"

"परवा चष्मेवाल्याने तुझा चष्मा पाण्याच्या डबीत टाकला होता ना? त्या डबीत हाच आवाज असतो. त्याने पाण्यात बारीक बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, फुटताना मळ उचकटतात. तुझ्या चष्म्याच्या बिजागरीतून दहा वर्षांची पावडर निघाली."

"पावडरचं सांगायचं नाही हं मुलांना."

"आणि तू आणलेलं ते उंदीर पळवायचं यंत्र."

"तेही यातलंच? त्याच्याच मागे घर केलंय की रे देवा, त्या उंदराने!"

"त्यातून उंदरांना न सोसणारा आवाज निघतो म्हणे. म्हणे, असंच म्हणाले मी."

ताईंनी दोरा दातांनी तोडला. "हे सांग. हे चांगलं आहे. आकडे कमी कर आणि उंदीर वाढव."

कारखाना चालत दहा मिनिटांवर. तिथे वाफेच्या आणि दाबाच्या हवेच्या टाक्या बनतात. जाड पत्रा वाकवायचा, नळकांडं करायचं, दोन्ही टोकांना फुगीर झाकणं बसवायची आणि सगळं वेल्डिंगने जोडायचं. जोड बाहेरून दिसायला कितीही देखणा असला तरी आत फट राहिलेली असू शकते. आत दाब चढला की ती फट वाढते, आणि मग टाकीची टाकी राहत नाही, बॉम्ब होतो. लोखंड न कापता ती फट श्राव्यातीत आवाजाने शोधायची, हे बाईंचं काम.

बाई इथे आल्या त्या तपासणीचे अहवाल टाइप करायला. पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या मुलीला तेवढंच मिळालं होतं. जुने तपासनीस म्हणजे भला पण करवादणारा माणूस. त्यांची नजर कमी झाली तेव्हा ते यंत्राच्या पडद्यावरचे आकडे बाईंकडून वाचून घ्यायला लागले. वर्षभरात बाई आकड्यांच्या आधी खोट सांगायला लागल्या. म्हाताऱ्याने एक दिवस लोखंडात आवाज सोडणारा प्रोब त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसला तो बसलाच. त्याला एकतीस वर्षं झाली. तपासून पास केलेल्या जोडाशेजारी बाई पोलादी ठशाने आपला आकडा ठोकतात : सात. म्हणून त्या सात नंबरच्या बाई. एकतीस वर्षांत सात आकड्याची एकही टाकी परत आलेली नव्हती.

दिसायला म्हणाल तर अगदी साध्या. उंची बेताची, केस कायम जाळीत, आणि हात कायम चिकट, कारण हातांना सतत प्रोबखाली लावायची जेली. पर्समध्ये कंगवा नसेल, पण जेलीची बाटली हमखास असणार. बसच्या तिकिटांपासून ते ताईंच्या कापडापर्यंत सगळ्यांवर बाईंच्या बोटांचे चकचकीत ठसे, आणि त्यावरून घरात रोज एक बारीकसं भांडण.

मुलं येणार त्या दिवशी सकाळी आठला त्यांनी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यासाठी निघालेली टाकी तपासायला घेतली. जोड तीन : दोन गोल, एक उभा. एक वाजता ट्रक येणार होता. पावणेअकराला तिसरा जोड संपत आला आणि दारातून मालकांची हाक आली.

"बाई! बस आली मुलांची!"

"आले."

"बाई, अहो उतरली सुद्धा मुलं!"

"आले, आले."

"बाई, एकाने होज पाइप उचललाय!"

बाईंनी शेवटची वीतभर लांबी सरसर संपवली, तीन जागी सात ठोकले, फडक्याला हात पुसले आणि प्रोब घेऊन धावल्या.

बावीस मुलं त्यांच्या टेबलाभोवती उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर मोठ्या माणसाचं पिवळं हेल्मेट. निम्म्यांचे डोळे त्याच्या आत गेलेले. त्यामुळे आपल्याकडे निम्मीच मुलं बघतायत याचा बाईंना मोठा आधार वाटला.

त्यांनी उंदरापासून सुरुवात केली. मुलं खो खो हसली आणि बाईंची अर्धी भीती विरली.

"मोटार मागे घेताना टँ टँ वाजतं, ते कुणी ऐकलंय?"

सगळ्यांनी ऐकलं होतं.

"तो आवाज श्राव्यातीत आहे का?"

"हो!" एकवीस जण.

"नाही," एक मुलगी. जाड भिंगांचा चष्मा, हेल्मेट मागे सारलेलं. "तो ऐकू येतो ना. मग श्राव्यातीत कसा?"

"शाब्बास! टँ टँ ड्रायव्हरसाठी असतं. गाडी भिंतीला जे विचारते ते वेगळ्याच आवाजात. मागच्या बटणातून आवाज निघतो, भिंतीवर आपटतो, परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून गाडीला कळतं, भिंत किती लांब आहे. वटवाघूळ अंधारात हेच करतं. डॉक्टर पोटातलं बाळ बघतात तेही असंच. मी लोखंडाच्या पोटात बघते."

"लोखंडाला बाळ होतं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा.

"होतं. पण ते झालेलं मला चालत नाही," बाई म्हणाल्या. हे आपण म्हणालो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग जेली. त्यांनी एका मुलाच्या हातात सपाट तोंडाचा प्रोब दिला. "हा सेकंदाला चाळीस लाख वेळा थरथरतो. टेकव त्या पत्र्यावर." पडद्यावर काही नाही. मुलाने जोर लावला, दात-ओठ खाल्ले, काही नाही. बाईंनी पत्र्यावर जेलीचा थेंब टाकला. प्रोब टेकला, आणि पडद्यावर टोकदार सुळका उभा राहिला.

"कुठे गेला होता आवाज मघाशी?"

मुलांनी पत्र्याखाली वाकून बघितलं.

"कुठेच नाही. दारातच थांबला होता. प्रोब आणि पत्रा यांच्यामध्ये कागदाएवढी हवा राहिली तरी हा आवाज आत शिरत नाही, हवेवरूनच मागे फिरतो. जेलीने हवा हटवली. हा सुळका म्हणजे पत्र्याची मागची बाजू. आवाज तिथे आपटून आलाय."

बावीस मुलांनी जेली लावून पाहिली. जेली पत्र्यापेक्षा बाह्यांना जास्त लागली. बाजूला ठिणगी उभा राहून मजा बघत होता. ठिणगी म्हणजे कारखान्याचा सगळ्यांत जुना वेल्डर. हातात ठिणग्या, जिभेवरही ठिणग्या. "बाई, एवढी जेली तुम्ही वर्षात वापरत नाही," तो म्हणाला.

"तू गप. आता खरं काम बघा, मुलांनो. जोड तपासायला हा तिरका प्रोब, सकाळपासून माझ्या हातात असलेला. आवाज तिरपा जातो. जोड चांगला असेल तर तो सरळ पुढे निघून जातो, परत कोणी येत नाही. आत फट असेल तर तिच्यावर आपटून परत येतो." त्यांनी नमुन्याच्या जोडावर जेली लावून प्रोब सरकवला. डाव्या कडेची यंत्राची नेहमीची खळबळ सोडली तर पडद्यावर रेघ सपाट. "बघा. सपाट रेघ. चांगला जोड."

चष्मेवाली मुलगी पडद्याकडे बघत राहिली. "पण मघाशी जेली नव्हती तेव्हाही रेघ सपाटच होती."

"हो."

"मग आत काही नाही म्हणून सपाट आहे की आवाज आत गेलाच नाही म्हणून सपाट आहे? दोन्ही सारखंच दिसतं की!"

बाईंना त्या पोरीचा पापा घ्यावासा वाटला. हा प्रश्न विचारायला त्यांना स्वतःला दीड वर्ष लागलं होतं. त्यांनी खणातून साबणाच्या वडीएवढा पोलादी ठोकळा काढला. त्याला कडेला एक बारीक भोक. "म्हणून हा. भोक कुठे आहे ते मला माहीत आहे. यंत्राने ते दाखवलं तर यंत्र शुद्धीवर आहे. कामाच्या आधी ठोकळा आणि काम संपलं की पुन्हा ठोकळा. मगच सपाट रेघेवर विश्वास."

"दर वेळी?"

"दर वेळी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात ठोकळ्यावरच थांबला.

आज काम संपल्यावर त्यांनी ठोकळा लावला नव्हता.

त्यांनी जेली लावली, तिरका प्रोब ठोकळ्यावर टेकवला. रेघ सपाट. आणखी जेली. सपाट. भोक समोर होतं, ढळढळीत, डोळ्यांना दिसत होतं, आणि पडदा म्हणत होता की काही नाही. बाईंनी प्रोब अंगठ्याने दाबला, आणि सुळका टुणकन वर आला. अंगठा सोडला, गेला.

"दाबलं की येतो!" मुलं ओरडली. "पुन्हा करा, बाई, पुन्हा!"

मुलांना वाटलं हा खेळच आहे. बाईंनी प्रोब उलटा केला. त्याच्या खाली प्लास्टिकचा तिरका तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो आणि त्या तुकड्याच्या वरही जेलीचा थर असतो. एक स्क्रू सैल पडला होता. आत हवा शिरली होती. आठ वाजता ठोकळ्यावर सगळं ठीक होतं. आठ ते पावणेअकराच्या मध्ये कधी? पहिल्या जोडाला? तिसऱ्याला? ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. म्हणजे तिन्ही जोड न तपासल्यातच जमा. आणि त्यांच्या शेजारी सात ठोकलेले.

समोर मुलं हसत होती. मालक पलीकडे वर्गाच्या मॅडमना रंगवलेल्या टाक्या दाखवत होते. ट्रक वेळेआधीच फाटकाशी लागला होता. मास्तरकीचा तास छान रंगला होता, आणि एवढंच म्हणायचं होतं, "यंत्र रुसलंय, चला पुढे." मुलं गेल्यावर गुपचूप पुन्हा तपासलं असतं. पण ट्रक थांबवायचा तर मालकांना सांगायलाच हवं, आणि मालकांच्या टेबलावर तो कागद. बाईंच्या मनात हे सगळं येऊन गेलं. त्या देवमाणूस वगैरे नव्हत्या.

मग त्यांनी लाल खडू घेतला, टाकीपाशी गेल्या आणि स्वतःच्या तिन्ही सातांवर फुल्या मारल्या. त्या लाल फुल्या कारखान्यात सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या. आजवर त्या वेल्डरांच्याच नशिबी यायच्या. ठिणगीचं तोंड उघडंच राहिलं.

"बाई, स्वतःलाच नापास केलंत?"

"केलं. ट्रकवाल्याला सांग, टाकी चढवायची नाही."

मालक धावत आले. "काय झालं? माझी टाकी का अडवलीत?"

"मी सकाळी चूक केली. तपासून झाल्यावर ठोकळा लावला नाही. प्रोब सैल होता. तिन्ही जोड पुन्हा तपासायला लागतील."

"पण सकाळी तुम्हाला काही दिसलं होतं का खोटबीट?"

"नाही. म्हणूनच."

"म्हणूनच काय, बाई? हॉस्पिटलला मी दोन वाजताची वेळ दिलीय! एकदा पास केलेली टाकी पुन्हा... आणि हे मुलांसमोर!" शेवटचं वाक्य दबक्या आवाजात होतं, पण मुलांचे कान तसल्याच वाक्यांसाठी असतात.

ठोकळा का राहिला ते बाईंना सांगता आलं असतं. बोलला तो ठिणगी.

"मालक, बाईंना मधेच तीन हाका कुणी मारल्या?"

मालकांनी घड्याळाकडे बघितलं. मग "किती वेळ लागेल?" एवढंच म्हणाले.

"अडीच तास. स्क्रू घट्ट करून."

मॅडम म्हणाल्या, बस बाराला निघायला हवी. मुलांनी असा काही गलका केला की मॅडमनी ड्रायव्हरला फोन लावला. डबे कारखान्यातच उघडले गेले. बावीस हेल्मेटं उलटी करून त्यांत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या गेल्या, आणि मुलं धोक्याच्या पिवळ्या रेघेच्या अलीकडे जमिनीवर पंगतीने बसली. सिनेमा बघावा तशी टाकीकडे बघत होती.

बाईंनी चष्मेवालीला जवळ बोलावलं. "तू माझी पोलीस. मी एक हात लांबी संपवली की ओरडायचं."

"काय ओरडू?"

"ठोकळा."

ती ओरडली. पहिल्या दोन वेळा एकटीच, मग सगळा वर्ग. "ठोकळाऽ!" की बाईंनी प्रोब उचलायचा, ठोकळ्यावर टेकवायचा, पडद्यावर सुळका उभा राहायचा आणि टाळ्या पडायच्या. मधेच प्रश्न. मांजराला हा आवाज ऐकू येईल का? नाही, मांजराचाही कान इतका वर पोचत नाही. दाताचे डॉक्टर दातांवरचं किटण काढताना ते चिर्र करतं, ते हेच का? ते थरथरतं याच आवाजाने, पण तुला ऐकू येते ती त्याची कुरकुर. आपण हा आवाज तोंडाने काढू शकतो का? एकाने काढून दाखवला. कुणालाच ऐकू आला नाही, तेव्हा जमला असावा असं त्याचं म्हणणं पडलं.

ठिणगी मात्र टाकीवरून नजर हलवत नव्हता. तिन्ही जोड त्याचेच होते. आता जर फट निघाली तर ती त्याची, आणि बावीस मुलांसमोर. पहिला जोड संपला. दुसरा संपला. उभ्या जोडाच्या शेवटच्या वीतभर लांबीला, जी सकाळी सरसर उरकली होती, बाईंनी पाऊण मिनिटाऐवजी चार मिनिटं घेतली.

रेघ सपाट.

"ठोकळाऽ!"

सुळका उभा राहिला.

"आता?" चष्मेवालीने विचारलं. "आता सपाट म्हणजे चांगलाच ना?"

"आता चांगलाच," बाई म्हणाल्या. ठिणगीने इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या ओळीतली मुलं वळून बघायला लागली.

बाईंनी सातांवरच्या फुल्या पुसल्या नाहीत. त्या तशाच ठेवून शेजारी नवे सात ठोकले आणि अहवालात स्वतःच्या अक्षरात लिहिलं : पहिली तपासणी रद्द, कारण अंतिम पडताळणी केली नाही. एकतीस वर्षांच्या अहवालांत असं वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. लिहिताना कागदावर जेलीचा ठसा उमटला.

टाकी चारला हॉस्पिटलला पोचली. हॉस्पिटलवाल्यांनी फोनवर कुरकुर केली, ती मालकांनी ऐकून घेतली. मग त्यांनी बाईंना आत बोलावलं. टेबलावर मुदतवाढीचा कागद होता. मालकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"बाई, ती बाहेरची मुलं तासाभरात करतात."

"करत असतील."

"त्यांच्या हातून असं झालं असतं तर मला कळलं असतं का?"

"ते त्यांना विचारा. मी माझं सांगू शकते."

"मी विचारलं होतं त्यांना, दुपारी, फोनवर. म्हटलं, काम संपल्यावर पुन्हा ठोकळा लावता का? तर तो पोरगा म्हणाला, वेळ असेल तर." मालकांनी सही केली, कागद फिरवून पुढे सरकवला. "घ्या. वर्षभर."

बाईंनी कागद उचलला नाही. चष्मा लावला, खालची मोकळी जागा बघितली आणि मालकांच्याच हातातलं पेन काढून घेतलं.

"काय लिहिताय आता?"

"अट. काम संपून ठोकळा लावेपर्यंत बाईंना कुणी हाक मारायची नाही."

"बरं."

"मालकांनीसुद्धा."

"बाई, माझ्याच कागदावर?"

"इथे सही करा. या ओळीच्या शेजारी."

मालकांनी कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि एवढ्याशा जागेत नाक खुपसून दुसरी सही केली.